थांबल्यावर गरम, हायवेवर गार: अँबेसेडरच्या हीटरचं दर जानेवारीचं दुखणं

जुन्या गाडीचा हीटर दर हिवाळ्यात दुरुस्त होतो आणि आठवड्याभरात पुन्हा गार पडतो, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे हे चार हिवाळे चाललं. चारही वेळा हीटर उतरवला, धुतला, बसवला. मूळ दुखणं तिथं नव्हतंच.

गाडी अँबेसेडर मार्क ४, १९८६ ची, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. काकांनी घेतलेली, त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. हीटर काकांनी मागाहून बसवून घेतलेला: डॅशबोर्डखाली गोल डबा, आत छोटी जाळी, मागे पंखा, आणि इंजिनाकडून आत येणाऱ्या दोन रबरी नळ्या. एकीतून गरम पाणी येतं, दुसरीतून परत जातं. यापेक्षा जास्त त्यात काही नाही, म्हणून तर हे घरी शोधून काढता येतं.

मध्य प्रदेशात हीटर कशाला, असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात. त्यांनी जानेवारीत पहाटे सहाला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघून दतियाला जाऊन बघावं. धूमावती माईचं दर्शन शनिवारीच असतं आणि आईचा तो नेम आहे. पंचाहत्तर किलोमीटरचा रस्ता, पारा पाचाच्या खाली, आणि वाटेतल्या डबरा गावाच्या आसपास धुकं असं की बोनेटच्या पुढचं काही दिसत नाही. पाय बधिर होतात ते सोसता येतं. पण आपल्याच श्वासानं काच आतून धुरकट होते, एका हातानं फडकं फिरवत गाडी चालवायची आणि समोर मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी. हीटर ही माझ्या दृष्टीनं चैनीची वस्तू नाही, वायपरइतकीच गरजेची आहे.

आता लक्षणाकडे येतो, कारण सगळी गोम त्यातच होती आणि मी चार वर्षं ती बघितली नाही.

दरवर्षी मिस्त्री हीटर साफ करून द्यायचा, दुपारी दोनला दुकानासमोर गाडी चालू ठेवून दाखवायचा, आणि खरंच गरम हवा यायची. मीही खूश होऊन घरी यायचो. शनिवारी पहाटे हायवेला लागलो की वीसेक मिनिटांत हवा कोमट, मग गार. डबऱ्याला चहासाठी थांबलो, इंजिन चालूच ठेवलं, की पाच मिनिटांत पुन्हा बरी. निघालो की पुन्हा गार. मी याचा अर्थ लावायचो की हीटरमध्ये कचरा अडकतो आणि सुटतो. तसं नव्हतं. थांबल्यावर गरम आणि पळताना गार, हे इंजिन स्वतःच गार पडतंय याचं लक्षण आहे. उलट, रेस दिली की गरम आणि आयडलवर गार असेल तर पाणी कमी आहे, नळीत हवा अडकली आहे, पंपाचा पट्टा ढिला आहे किंवा पंपाची पाती झिजली आहे. या दोन लक्षणांतला फरक ओळखलात तर अर्धं काम झालं. आणि तपासणी पहाटे, हायवेवर करा. दुपारच्या बावीस अंशांत दुकानासमोर उभ्या गाडीत कुठलाही हीटर चांगलाच वाटतो.

दुसरी गोष्ट हातानं कळते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा, इंजिन बंद करा, आणि हीटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावा. आधी अंदाजानं, कारण नीट चालू असेल तर चटका बसतो. दोन्ही चांगल्या गरम असतील आणि आत हवा गार असेल, तर पाण्याचा काही दोष नाही. पंखा, झडप, वायर बघा. एक गरम आणि एक गार असेल तर पाणी अडतंय. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच पुरेसं तापत नाही. मी हातावर न थांबता बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. तो चकचकीत पितळेवर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून नळीच्या काळ्या रबरावर धरा, किंवा पितळेला काळी टेप चिकटवून टेपवर. हायवेवर वीस किलोमीटरनंतर माझे आकडे होते: येणारी नळी ५२, जाणारी ३७.

बावन्न. इंजिनातून निघतानाच पाणी बावन्नला येत असेल तर हीटर बिचारा काय करणार!

मग थर्मोस्टॅटचं, म्हणजे पाण्याच्या तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेचं, झाकण उघडायला बसलो. नट आदल्या रात्री तेलात भिजवून ठेवले, कारण त्या स्टडना इतक्या वर्षांचा गंज असतो आणि जोर केला की ते मुळातून तुटतात. झाकण निघालं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. नुसतं रिकामं भोक, कडेला जुन्या पॅकिंगचा चुरा.

मग आठवलं. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात फूलबागेच्या चौकात गाडी तापून बंद पडली होती. ढकलत दुकानात नेली तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "भाईसाहब, वॉल निकाल दिया है, अब गरम नहीं होगी." वॉल म्हणजे हाच थर्मोस्टॅट. तेव्हा मला तो उपाय वाटला. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीच्या बाबतीत हेच होतं. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो, गाडी तापते, आणि सगळ्यात सोपा इलाज म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. डिसेंबरात तो परत बसवायचं कुणालाच आठवत नाही.

थर्मोस्टॅटचं काम नीट समजून घ्या. इंजिन गार असताना तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो. पंप पाणी ढकलतो, पण रेडिएटरकडे जाता येत नाही, म्हणून ते इंजिनात आणि हीटरच्या नळीत फिरत राहतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला तो हळूहळू उघडतो. तो काढला की पाण्याला रेडिएटरचा मोठा, सोपा रस्ता पहिल्या मिनिटापासून मोकळा. हीटरच्या बारीक नळीत शिरायची त्याला गरज उरत नाही. त्यात साठच्या वेगानं पाच अंशांचं वारं रेडिएटरच्या जाळीवर आदळतं आणि इंजिन तापतच नाही. थांबलं की वारं थांबतं आणि तापमानाचा काटा चढतो, म्हणून डबऱ्याला चहाच्या वेळी हीटर बरा. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल मुरतं, सिलिंडर लवकर झिजतात. हीटर गार हे त्यातलं सगळ्यात लहान नुकसान.

अँबेसेडरचं इंजिन ब्रिटिश बी-सिरीजचं आहे. त्यासाठी ७४, ८२ आणि ८८ अंशांचे थर्मोस्टॅट असत: गरम मुलखासाठी, साधारण हवेसाठी आणि थंड मुलखासाठी. मी ८२ चा घेतला. कारखाना २०१४ मध्ये बंद झाला तरी दिल्लीच्या कश्मीरी गेटला असे भाग अजून मिळतात. नवा आणला तरी तसाच बसवू नका, स्वयंपाकघरात तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं अधांतरी लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर तापवा. ऐंशी-ब्याऐंशीला चकती किंचित हलायला हवी आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडायला हवी. मी दोन आणले होते. त्यातला एक पाणी खळखळून उकळलं तरी मिटलेलाच राहिला. तो मे महिन्यात बसवला असता तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग, गेलं असतं. बसवताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला, स्प्रिंग खाली. चकतीत हवा निघायला बारीक भोक किंवा हलणारी पिन असते, ती वर येऊ द्या. नसेल तर तीन मिलिमीटरचं एक भोक पाडलं तरी चालतं.

बसवल्यावर पुढच्या शनिवारी आकडे: येणारी ७५, जाणारी ४८. पाय गरम झाले, पण काच अजून पूर्ण निवळत नव्हती. येणारं पाणी गरम आणि जाणारं इतकं गार, म्हणजे पाणी हीटरमधून फार सावकाश जातंय. म्हणजे कोंडलेलं होतंच, मिस्त्री तेवढं बरोबर सांगत होता. पण दरवर्षी साफ करूनही दरवर्षी का कोंडतं?

याचं उत्तर इंजिनाच्या ब्लॉकच्या मागच्या बाजूला मिळालं. तिथं पाणी सोडायचा एक छोटा कॉक असतो. तो पूर्ण फिरवून काढला तर थेंबसुद्धा पडला नाही, इंजिन पाण्यानं भरलेलं असताना. सायकलची जुनी तार सरळ करून भोकात घातली. बोटभर आत गेली आणि रुतली. फिरवली, खुपसली, ओढली. एकदम भस्सकन चॉकलेटी पाणी आलं आणि मागोमाग ओल्या रव्यासारखा गाळ, बोटांत चोळला तर कचकच वाजणारा. गंज आणि चुना. तसला गाळ वाटीभर निघाला, नंतर पाण्याच्या नळीनं धुतल्यावर आणखी. पाणी इंजिनाच्या मागच्या टोकाला संथ होतं, म्हणून सगळं तिथंच बसतं, आणि हीटरला पाणी देणारा नळही हेडच्या मागच्याच टोकाला असतो. मिस्त्री हीटर धुवायचा, इंजिनातला साठा तसाच राहायचा, आणि पहिल्या चार फेऱ्यांत तोच गाळ पुन्हा हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसायचा.

हा गाळ आला कुठून? आमच्या गल्लीत नळाला पाणी नसेल तर बोअरिंगचं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं तेच ओतलं. मी ओतलं, काकांनी ओतलं, मिस्त्रीच्या पोरानं डबड्यानं ओतलं. हे पाणी जड आहे. बादलीवर, गीझरच्या कॉइलवर, कुकरच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. त्यानं रेडिएटर अर्धा बंद झाला, म्हणून मे महिन्यात गाडी तापली, म्हणून थर्मोस्टॅट निघाला, म्हणून जानेवारीत हीटर गार पडला. आणि तापून उडालेलं पाणी भरायला पुन्हा बोअरिंगचं. चार हिवाळे मी या साखळीच्या शेवटच्या कडीला हातोडी मारत होतो.

हीटरची जाळी तांब्या-पितळेची आणि डाख दिलेली असते. ती साफ करायला बाथरूमचं ॲसिड वापरू नका. ते चुना खातं, आणि डाख आणि पितळही खातं. आठवड्यानं जाळी पाझरायला लागते. मी किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड वापरलं, लिटरभर कोमट पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम. जाळी गाडीतून सोडवली, उभी धरून नरसाळ्यानं भरली. पहिल्या मिनिटात दुसऱ्या तोंडातून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे आले. चुना विरघळतो त्याचा तो वायू. तासाभरानं बुडबुडे थांबले, पाणी हिरवट-मळकट झालं. ते ओतून नवं भरलं. तिसऱ्या वेळी जवळजवळ काही झालं नाही, तेव्हा थांबलो. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली आणि शेवटी बागेच्या नळीनं, पाणी नेहमीच्या उलट दिशेनं सोडून. कॉम्प्रेसरची हवा लावायचा मोह आवरा, एवढ्या जुन्या जाळीला तो दाब सोसत नाही. हेडवरचा नळही काढून बघा. माझ्या नळाची केबल इतकी ताणली गेली होती की आतून "पूर्ण चालू" केलं तरी तो निम्माच उघडत होता.

रेडिएटर घरी होणारं काम नाही. वरची टाकी उकलून नळ्यांतून सळई फिरवून घेतली, दाबावर तपासून घेतला. पैसे त्यातच गेले, पण तेच खरं काम होतं.

भरताना पाणी डिस्टिल्ड आणि कूलंट इथिलीन ग्लायकॉलचं, अर्धं-अर्धं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं म्हणतात. त्यातली गंजरोधक रसायनं आपल्याला हवी आहेत, आणि त्यानं उत्कलनबिंदू वाढतो तो मे महिन्यात कामी येतो. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच धुवा, गल्लीतली कुत्री चाटतात.

हवा काढायचं काम घाईनं करू नका. गाडीचं नाक उतारावर वर येईल अशी उभी करा, हीटरचा नळ पूर्ण उघडा. परतीची नळी सोडवून वर धरा आणि तिच्यात नरसाळ्यानं भरा, हीटरमधून फिरून दुसऱ्या बाजूनं बुडबुडे न येता सलग धार येईपर्यंत. मग जोडा, क्लिपा आवळा, इंजिन गार असताना रेडिएटरची टोपी काढून चालू करा आणि पातळी खाली जाईल तसं भरत राहा. डॅशबोर्डमागे ओढ्यासारखा खळखळ आवाज येत असेल तर हवा अजून आहे. गरम इंजिनावर टोपी कधीही उघडू नका. मी हातावर फोड आलेली माणसं पाहिली आहेत. टोपी नवी घेताना मूळ जितक्या दाबाची तितक्याच दाबाची घ्या. जास्त दाबाची टोपी हीटरची जुनी जाळी पायांवर फोडते.

हवा काढल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा खळखळ सुरू झाली तर तीन गोष्टी बघा. परतीच्या नळीची ढिली क्लिप: गार होताना तिथून हवा आत ओढली जाते, आणि पाणी गळताना मात्र दिसत नाही. पाझरणारा पंप. आणि इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बारीक बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. ते घेऊन सरळ जाणत्या माणसाकडे जा. पायाखालची चटई ओली, काचेवर चिकट धूर आणि गोडसर वास, हे हीटरची जाळी फुटल्याचं लक्षण. ती साफ करत बसू नका, डाख मारून घ्या.

पंख्याचं थोडक्यात. मीटरनं मोटरच्या टोकांवर चालू असताना व्होल्ट मोजा. बॅटरीला बारा-साडेबारा आणि मोटरला दहा असतील तर अर्थिंगचा स्क्रू घासा, बहुतेक वेळा तोच गंजलेला असतो. कुणी मोटर बदलली असेल तर तारा उलट्या जोडल्यानं पंखा उलटा फिरतो आणि ऐकायला अगदी नीट वाटतो. उदबत्तीचा धूर तोंडाशी धरा, धूर आत ओढला जातोय की बाहेर ढकलला जातोय ते लगेच कळतं. आणि असा मागाहून बसवलेला हीटर गाडीतलीच हवा फिरवतो, ओल बाहेर टाकत नाही. काच निवळायला पुढची त्रिकोणी काच बोटभर उघडी ठेवा. थोडं वारं लागतं, पण समोरचं दिसतं.

सगळं झाल्यावर हायवेवरचे आकडे: येणारी ७६, जाणारी ६६. त्या शनिवारी आईनं डबऱ्याच्या अलीकडेच शाल काढून मागच्या सीटवर ठेवली आणि विचारलं, "आज पुसत नाहीयेस काच?"

ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मधला मे-जून मी धास्तीनं काढला, कारण थर्मोस्टॅट आत असताना ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची ही पहिलीच परीक्षा होती. भर दुपारी उरवाई गेटचा चढ चढून किल्ल्यावर गेलो, काटा मध्याच्या जरा वर गेला आणि तिथंच राहिला. या डिसेंबरात हीटर न उघडता चालू केला आणि पहिल्याच पहाटे ७५ आणि ६५.

ज्यांचा थर्मोस्टॅट बसेपर्यंत या आठवड्यातच प्रवास आहे, त्यांनी ट्रकवाले करतात तसं करावं: रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा लावून खालचा निम्मा भाग झाकावा. काट्यावर नजर ठेवा, आणि ऊन चढलं की पुठ्ठा काढा. कामचलाऊ आहे, पण पहाटेपुरतं भागतं.

गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर तो पहिल्या उन्हाळ्यातच थर्मोस्टॅट काढणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून बोनेटच्या आतल्या बाजूला पांढरी टेप चिकटवून पक्क्या शाईनं हिंदीत लिहून ठेवलंय: ८२ डिग्री का वॉल लगा है, निकालना नहीं. गरम हो तो पहले रेडिएटर देखें. बोरिंग का पानी न डालें. शेजारी कूलंट भरल्याची तारीख आहे. दोन वर्षं झाली की बदलायचं.